गिरमिटाच्या दप्तरातील पूर्वज : मॉरिशसमधील मराठी वंशशोधाचे स्वरूप

मराठी कुलवृत्तान्त आडनाव, गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव या खुणांच्या आधारे रचला जातो. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या करारबद्ध मजुराचा माग काढताना मात्र यांतील बहुतेक खुणा निरुपयोगी ठरतात. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर त्या बेटावर उतरले. त्यांत मराठी भाषकांचे प्रमाण अल्प होते आणि त्यांतील पुष्कळसे रत्नागिरीच्या परिसरातील होते.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आगमन-नोंदवह्यांत मजुराचे नाव, वडिलांचे नाव, वय, जात, गाव वा जिल्हा, उंची, अंगावरील खूण आणि जहाज यांची नोंद आढळते. ती लिहिणारा वसाहतीचा कारकून. कोकणी उच्चार त्याच्या कानी जसा पडला तसा रोमन अक्षरांत उतरला. पुढे अनेक घराण्यांत त्या पहिल्या प्रवाशाचे स्वतःचे नावच वंशजांचे आडनाव झाले. म्हणजे आजचे आडनाव हे पूर्वजाचे व्यक्तिनाम असू शकते, हे गृहीत धरून शोध उलट्या दिशेने करावा लागतो. ‘रामा’ किंवा ‘बाळा’ असे नाव हाती आले तर एकाच नावाचे अनेक जण समोर उभे राहतात. अशा वेळी खरा आधार मिळतो तो आगमन-क्रमांकाचा. विवाह-मृत्यूच्या नोंदींतही तो पुन्हा भेटू शकतो. मनुष्यापेक्षा त्याचा आकडा अधिक विश्वसनीय ठरावा, ही या दप्तराची क्रूर सोय होय.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांशी तुलना केली असता भेद स्पष्ट होतो. तेथे यात्रेकरू आपली पिढी स्वतः सांगतो, साक्षर असल्यास सहीही करतो. येथे तो केवळ वर्णिला जातो. ‘जात’ या रकान्यातील ‘मराठा’ हा शब्द जातिवाचक की प्रदेशवाचक, हेही त्या एका शब्दावरून ठरत नाही. अभिमन्यु अनत यांच्या ‘लाल पसीना’ (१९७७) या हिंदी कादंबरीने मजुरांना जो आवाज दिला, त्याला नोंदवहीत रकानाच नाही.

१८६७ च्या मजूर कायद्यानंतर करार संपलेल्या मजुरांच्या ओळखपत्रांवर छायाचित्र आले, आणि काही घराण्यांना पूर्वजाचा चेहरा लाभला. गावाचा शोध मात्र आजच्या नकाशावर करून चालत नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. त्यामुळे जुन्या नोंदीतील ‘रत्नागिरी’ मालवण वा वेंगुर्ल्याकडेही नेऊ शकते.