मेला शार्क १०८ डॉलरचा

हत्ती जिवंत असेल तर लाखाचा, मेला तर सव्वा लाखाचा, असं आपल्याकडे म्हणतात. शार्कचा हिशेब पार उलटा आहे.

फिलिपिन्सच्या पूर्वेला, प्रशांत महासागरात पलाऊ नावाचा चिमुकला देश आहे. तिथल्या ‘ब्लू कॉर्नर’ या प्रवाळाच्या कडेवर पाणबुडे एक आकडा खडकात अडकवतात, त्याची दोरी अंगावरच्या जॅकेटला बांधतात आणि जोरदार प्रवाहात जागच्या जागी तरंगत राहतात. समोर करडे रीफ शार्क. तेही त्याच प्रवाहाला तोंड देत, शेपटी जेमतेम हलवत थबकलेले!

ऑस्ट्रेलियाच्या सागरी शास्त्रज्ञांनी या नजाऱ्याचं गणित मांडलं आणि ते २०११मध्ये जाहीर झालं. शार्क बघायला येणाऱ्यांमुळे पलाऊला वर्षाला सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर मिळत होते, म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ८ टक्के. नेहमीच्या डाइव्हच्या जागांवर दिसणारे शार्क होते शंभरेक. भागाकार करा: एकेकाच्या वाट्याला वर्षाला १ लाख ७९ हजार डॉलर, जन्मभराचे १९ लाख. तोच मारून विकला, तर १०८ डॉलर. तेव्हाच्या दराने पाचेक हजार रुपये. मोरीचं, म्हणजे छोट्या शार्कचंच, कालवण ओरपणाऱ्या कोकणी माणसाला हे पचायला जरा जडच जाईल.

हे जमतं, कारण हे शार्क सहसा आपला रीफ सोडत नाहीत. आज दिसलेला उद्याही तिथेच भेटतो, दर खेपेला नवे पैसे मिळवून देतो. पण याच सवयीमुळे तो गळालाही सहज लागतो. मादीला एका वेळी मोजकीच पिल्लं होतात, तीही वर्षाआड. तेव्हा एकदा रीफ रिकामा झाला की भरायला वर्षानुवर्षं लागतात.

गंमत म्हणजे पलाऊ या आकड्यांसाठी थांबला नव्हता. २००९मध्येच राष्ट्राध्यक्ष जॉन्सन टोरिबिओंग यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आपला सहा लाख चौरस किलोमीटरचा समुद्र शार्कसाठी अभयारण्य जाहीर केला. जगातलं हे पहिलंच. तेव्हा पहाऱ्याला गस्तीनौका होती एक!

मला या गणितात दोन गोष्टी खटकतात. त्या १ कोटी ८० लाखांपैकी स्थानिकांच्या हाती पगार म्हणून पडत होते १२ लाख. आणि भागाकारात धरले ते फक्त दिसणारे शार्क. खुल्या समुद्रात फिरणारा, ट्यूनासाठी सोडलेल्या गळांना लागणारा रेशमी शार्क बघायला कुणी तिकीट काढत नाही. त्याच्या नावावर शून्य. अभयारण्यातली शार्क पकडण्यावरची बंदी मात्र त्यालाही लागू आहे.