कर्नाळ्याच्या वरच्या दरवाजापर्यंत

पनवेलहून पेणच्या एस.टी.त बसलं की थोड्याच वेळात खिडकीतून कर्नाळ्याचा तो सुळका दिसू लागतो. उभा केलेल्या अंगठ्यासारखा. आमच्या अब्बांनी नोकरीची तीस वर्षं या रस्त्यानं ये-जा केली. उर्दू शाळेतले मास्तर ते. किल्ल्याच्या वरच्या दरवाजावर बाहेरच्या अंगाला फारसी शिलालेख आहे, त्यावर सय्यद नूरुद्दीन मुहम्मद खान हे नाव आणि हिजरी ११४६ हे साल आहे, हे त्यांनी कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये कधीतरी वाचलं होतं. तेव्हापासून तो लेख स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा, हे ठरलेलं. तीस वर्षं नुसतं ठरलेलंच. मग गुडघे गेले.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी आम्ही निघालो. अब्बा, अम्मी, आम्ही नवरा-बायको आणि दोन मुलं. डॉक्टरांनी अब्बांना सपाटीवर चालायची परवानगी दिली होती. डोंगराचं आम्ही विचारलं नव्हतं आणि अब्बांनी तर मुळीच नाही.

कर्नाळा पनवेलपासून १२ किलोमीटरवर. अभयारण्याचं गेट थेट मुंबई-गोवा महामार्गावर आहे, गाडी नसली तरी अडत नाही. १९६८ साली हे पक्षी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. तेव्हा जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं होतं. २००३ मध्ये वाढवून १२ चौरस किलोमीटरचं केलं. एवढ्याशा जंगलात दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. पाहुणे पक्षी हिवाळ्यात येतात, म्हणून ऑक्टोबर ते मार्च हे दिवस चांगले. पावसाळ्यात हिरवळ असते, पण कातळ निसरडा होतो. मुलंबाळं घेऊन वर जायचं असेल तर तेव्हा नकोच.

गेटवर पिशव्या उघडून दाखवाव्या लागतात. आत नेलेल्या प्लॅस्टिकची मोजदाद होते, अनामत रक्कम भरावी लागते आणि परतताना सगळं मोजून दाखवलं की ती परत मिळते. आमच्या चार बाटल्या आणि दोन पुडे. गेटवरच्या माणसानं अब्बांच्या अंगाचा वास घेतला आणि म्हणाला, "चाचा, अत्तर लावलंय का?" लावलं होतं. सुळक्याच्या कपारींत आग्या मधमाश्यांची पोळी आहेत. उग्र वास, धूर, आरडाओरडा यांपैकी कशानंही त्या बिथरतात. अब्बांनी मुकाट्यानं नळावर जाऊन मनगटं आणि मान धुतली. अम्मी हसत होत्या. चाळीस वर्षं सांगतेय कमी लावा म्हणून, तर ऐकलं कुणाचं, गेटवाल्याचं!

कपड्यांचं एक सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात निघण्याआधी यावरून बरीच चर्चा झाली. अबाया घालून चढता येतं, पण घेर कमी हवा आणि कापड जाड हवं. झुळझुळीत ओढणी करवंदीच्या काट्यांना अडकते, हे पहिल्या पाव तासातच कळलं. पायांत मात्र बूटच. आमच्या सौभाग्यवतींनी सँडल घातल्या होत्या, त्याबद्दल पुढे काही लिहायची आम्हाला परवानगी नाही.

किल्ल्याकडे जाणारी वाट सुरुवातीला गर्द झाडीतून चढते. सावली अशी की सकाळी नऊलाही ऊन अंगावर येत नाही. आमच्या धाकट्यानं सलीम अली यांच्याविषयी शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. १९३० साली याच आपल्या जिल्ह्यातल्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला होता, हे अब्बांनी त्याला सांगितलं. त्यानंतर पोरगं एकदम गप्प झालं आणि पक्षी दिसू लागले. जंगलात एवढंच करायचं असतं, पण घरातून सहा जण निघाले की तेच होत नाही. तांबटाची टुक्‌टुक्‌ सारखी चालू होती. एक भृंगराज शेपटीची दोन लांब पिसं फडकावत समोरून गेला. हरियाल दिसलं नाही. आपल्या राज्याचा पक्षी तो, आणि इथल्या एका पायवाटेला त्याचंच नाव आहे. ज्यांना किल्ला चढायचा नाही त्यांनी त्या सोप्या वाटेनं जावं.

साधारण तासाभरानं झाडी विरळ झाली आणि चढ उभा झाला. अब्बा दर वीस पावलांवर थांबू लागले. "मोबाईलवर फोटो काढतोय," असं म्हणायचे. मोबाईल तर अम्मींच्या पिशवीत होता. शेवटी एका मोठ्या दगडावर ते बसले ते बसलेच. चेहरा पांढरा पडला होता. आम्ही खाली नेतो म्हणालो, तर चिडले. "तुम्ही जा, मी बसतो. इतकं आलो ते परत फिरायला?" आम्हीही आवाज चढवला. मुलांसमोर वडिलांवर ओरडलो, त्याची शरम अजून वाटते. अम्मींनी तांदळाच्या भाकरीचा तुकडा आणि मिठाचं लिंबूपाणी त्यांच्या हातात दिलं आणि आमच्याकडे नुसतं पाहिलं.

मग आमची मुलगी म्हणाली, "दादाजी, मी फोटो आणते."

तिच्याबरोबर आम्ही गेलो, बाकीचे अब्बांजवळ थांबले. वरच्या टप्प्यात कातळातल्या पायऱ्या आहेत, तिथे हात टेकावे लागतात. वर सुळक्याच्या पायथ्याशी खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. सुळका सव्वाशे फुटांच्या आसपास असेल; मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं आणि मधमाश्यांचा गुंजारव खालपर्यंत ऐकू येतो. हवा स्वच्छ होती, समोर प्रबळगड आणि माणिकगड दिसले. १५४० मध्ये हा किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीनं घेतला, १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी, १७४० नंतर तो पेशव्यांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा इथलेच किल्लेदार. अब्बांचा लेख या सगळ्याच्या मधला, इसवी सन १७३३-३४ चा.

दगडावर अक्षरं होती, पण इतकी झिजलेली की आम्हाला उर्दू वाचता येत असूनही काही उमगेना. मुलीनं पुढून, कडेने, खाली बसून अकरा फोटो काढले.

उतरलो तेव्हा जोहरची वेळ होत आली होती. अब्बांच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. धाकट्याला ते दगडावर काडीनं नस्तालिकची वळणं काढून दाखवत होते. मोबाईल हातात घेऊन त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. बराच वेळ बोटांनी फोटो मोठा-लहान करत राहिले. "हा नून. हा वाव. नूर... हो, नूर." पुढे "मुहम्मद" सापडलं. सालाचे आकडे सावलीत गेले होते, ते काही केल्या लागेनात.

"दुपारचा फोटो आहे," ते मुलीला म्हणाले. "सकाळचं तिरपं ऊन पडलं पाहिजे. अक्षर तेव्हा उठून दिसतं."

गेटवर बाटल्या मोजल्या तर तीनच. चौथी अब्बांच्या दगडापाशी राहिली होती. धाकटा परत धावत गेला, आणि तो येईपर्यंत अब्बांनी गेटवाल्याला सकाळी दरवाजा किती वाजता उघडतो ते दोनदा विचारून घेतलं.