दाढ एकाने काढावी, श्वास दुसऱ्याने राखावा

मराठीत 'भूल' या शब्दाचे तीन अर्थ होतात: चूक, मोह आणि शस्त्रक्रियेआधी दिली जाणारी गुंगी. दाताच्या बाबतीत मात्र आपण बोलताना एक भेद नेमका पाळतो. 'इंजेक्शन देऊन दाढ बधिर केली' हे वेगळे आणि 'भूल देऊन ऑपरेशन केले' हे वेगळे. बधिर केलेला माणूस जागा असतो, खोकतो, गिळतो. त्याचा श्वास त्याच्याच ताब्यात असतो. पूर्ण भूल दिली की तो श्वास दुसऱ्याच्या हवाली होतो. कोणाच्या हवाली करायचा, हा या लेखाचा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. वैद्यकाच्या इतिहासावरची पुस्तके आणि जुने अहवाल वाचण्याचा मला नाद आहे, आणि त्या वाचनात हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येत राहिला.

गंमत अशी की, आधुनिक भूलशास्त्राचा जन्म दंतवैद्यांच्याच हातून झाला. अमेरिकेतील हार्टफर्डचे दंतवैद्य हॉरेस वेल्स यांनी डिसेंबर 1844 मध्ये हास्यवायूचा एक जाहीर खेळ पाहिला. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला लागले, पण त्याला त्याचा पत्ताच नव्हता. दुसऱ्याच दिवशी वेल्सनी तो वायू हुंगून स्वतःची दाढ जॉन रिग्ज यांच्याकडून काढून घेतली. पुढे बोस्टनमधील त्यांचे प्रात्यक्षिक फसले. त्यांचेच जुने सहकारी दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईथर दिला आणि सर्जन जॉन वॉरेन यांनी रुग्णाच्या मानेवरची गाठ काढली. मला या प्रसंगातली कामाची विभागणी महत्त्वाची वाटते. चाकू एकाच्या हातात होता, ईथरचे भांडे दुसऱ्याच्या.

दाताच्या खुर्चीत मात्र ही विभागणी लवकर रुजली नाही. भूलही दंतवैद्याने द्यायची आणि दाढही त्यानेच काढायची, हा रिवाज अनेक देशांत दीर्घकाळ चालला. दरम्यान क्लोरोफॉर्मने माणसे दगावू लागली होती. 1848 च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना गेली. क्लोरोफॉर्म आधी हृदय थांबवतो की श्वास, यावर पुढे मोठा वाद पेटला. तो सोडवण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या शेजारी झाला. मराठवाडा तेव्हा ज्या संस्थानात होता, त्या हैदराबादेत एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने, निजामाच्या पैशाने, 1888 आणि 1889 मध्ये क्लोरोफॉर्म आयोग बसले. लॉरींचा निष्कर्ष होता की श्वास आधी थांबतो, म्हणून नाडीपेक्षा श्वासाकडे पाहा. पुढे 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवले की हलक्या भुलेत हृदयही अचानक दगा देऊ शकते. दोन्ही बाजू वाचून मी एवढेच घेतो: श्वास आणि नाडी पाहणारे डोळे दाढ काढण्यात गुंतलेले नसावेत.

दाताच्या कामात हे अधिक खरे आहे, कारण दंतवैद्य जिथे काम करतो तीच रुग्णाची श्वासाची वाट असते. तिथे रक्त असते, पाणी असते, सुटलेला दाताचा तुकडा असतो. म्हणून भूलतज्ज्ञ पुष्कळदा नाकातून श्वासनलिकेत नळी घालतो आणि तोंड दंतवैद्यासाठी मोकळे ठेवतो. रक्त खाली उतरू नये म्हणून घशात गॉजची पट्टी ठेवली, तर ती शेवटी आठवणीने काढावी लागते. ती आत राहिली तर भुलेतून बाहेर येणारा रुग्ण गुदमरू शकतो.

बहुतेकांना याची गरज पडत नाही. रूट कॅनल असो वा अक्कलदाढ, लिग्नोकेनच्या इंजेक्शनवर काम भागते. गरज पडते ती दहा-बारा दात किडलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला, खुर्चीत स्थिर बसू न शकणाऱ्या मतिमंद किंवा स्वमग्न रुग्णाला, जबड्याचे हाड मोडलेल्या अपघातग्रस्ताला. आपल्याकडे आणखी एक वर्ग आहे. सुपारी आणि गुटख्याने तोंडाची आतली त्वचा ताठ होऊन ज्यांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, असे रुग्ण. त्यांना झोपवल्यावर नळी घालता आली नाही तर जीवावर बेतते. म्हणून अनेकदा ते जागे असतानाच, नाक-घसा बधिर करून, दुर्बिणीच्या मदतीने नळी आत सरकवतात. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे.

'पूर्ण भूल नाही, फक्त गुंगीचे औषध' हे वाक्य पालकांना दिलासा देते. पण गुंगी आणि भूल यांच्यामध्ये भिंत नसते, उतार असतो. तेच औषध एका मुलाला पेंगुळवते आणि दुसऱ्याला गाढ झोपवते. लहान मुलाच्या शरीराला वजनाच्या मानाने ऑक्सिजन जास्त लागतो आणि फुप्फुसातला साठा तोकडा असतो. श्वास अडला तर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर ते निळे पडते. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ही बातमी थोडी उशिरा देतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र ती आधी देते. पण यंत्राकडे पाहायला माणूस लागतो.

हे शहाणपण कायद्यात आणि नियमांत उतरायला फार वेळ लागला. ब्रिटनमध्ये 1998 साली दंतवैद्यक परिषदेने नियम कडक केले, आणि 2002 पासून दातांसाठीची पूर्ण भूल रुग्णालयाबाहेर बंद झाली. अमेरिकेत तोंडाचे सर्जन आजही भूल आणि शस्त्रक्रिया दोन्ही करतात. तिथे काही मुले दगावल्यावर 2019 मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या आणि बालदंतवैद्यांच्या संघटनांनी मिळून सांगितले की, मुलाला गाढ गुंगी द्यायची तर दंतवैद्याखेरीज भूल देणारी आणि त्यावरच लक्ष ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती हवी. त्याच वर्षी दंत-भूलशास्त्राला तिथे स्वतंत्र विशेष शाखेचा दर्जा मिळाला.

आपल्याकडे भूलतज्ज्ञ हा बहुधा बिलातला एक आकडा असतो. 'दाताला कशाला एवढा खर्च?' असा प्रश्न मी पुष्कळ घरांत ऐकला आहे. त्याऐवजी चार प्रश्न विचारावेत. औषध कोण देणार? काम चालू असताना ती व्यक्ती फक्त रुग्णाकडेच पाहणार का? श्वास अडला तर ऑक्सिजन आणि नळी याच खोलीत आहे का? मूल पुरते जागे होईपर्यंत जवळ कोण बसणार? आणि डॉक्टरांनी सहा तास उपाशी ठेवायला सांगितले असेल, तर आजीने दयेपोटी चारलेले बिस्किट त्यांच्यापासून लपवू नये. भुलेत ते पोटातून वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते.

दंतवैद्याच्या कौशल्यावर हा अविश्वास नव्हे. सावध दंतवैद्य स्वतःच भूलतज्ज्ञाला बोलावतो, कारण दाढेवर नजर खिळलेली असताना छातीची हालचाल दिसत नाही, हे त्याला कोणाहीपेक्षा चांगले ठाऊक असते.