सुट्टी, नागपूरची वाट आणि घरातला कुत्रा

जबलपूरहून मुंबईला जाणाऱ्या गरीब रथाला थ्री-टियर एसीचेच डबे आहेत, आणि थ्री-टियरमध्ये कुत्र्याला परवानगी नाही. सेकंड एसीत नाही, स्लीपरमध्ये नाही, चेअर कारमध्येही नाही. जबलपूरच्या विजय नगरमधल्या ज्या मराठी घरात कुत्रा आहे, त्या घराचा उन्हाळी सुट्टीचा बेत पहिल्यांदा अडतो तो इथे. तिकिटं काढून झालेली असतात, मुलांनी आजीला फोन करून कळवलेलं असतं, आणि मग कुणीतरी विचारतं, ‘याचं काय करायचं?’ हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो, खरी अडचण ती आहे. कुत्र्याला बरोबर न्यायचं तर ठिकाण, वाहन आणि महिना, तिन्ही त्याच्याकडे बघून ठरवावे लागतात. आधी बेत आणि मागून कुत्रा असं झालं की हाल होतात ते त्याचेच.

रेल्वेचे नियम समजून घ्यायला सोपे आहेत, पाळायला अवघड. कुत्रा माणसांबरोबर बसू शकतो तो फक्त फर्स्ट एसीत. तिथेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर हवी. कूपे मागून हमखास मिळत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि चार्ट लागेपर्यंत जीव टांगणीला असतो. मिळाला तर गाडी सुटण्याच्या पुष्कळ आधी कुत्र्याला घेऊन पार्सल ऑफिसात जायचं, लसीकरणाचे कागद दाखवायचे, लगेजच्या दराने त्याचे पैसे भरायचे. पावती नसताना कुत्रा डब्यात सापडला तर नेहमीच्या दराच्या सहापट आकारणी होते.

दुसरा मार्ग डॉग बॉक्सचा. गाडीच्या टोकाला, ज्यांना पूर्वी गार्ड म्हणायचे आणि 2022 पासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, त्यांच्या डब्यात एक बंदिस्त खण असतो. त्यात कुत्रा एकटा. मालकाने स्टेशन आलं की उतरून धावत जायचं, पाणी पाजायचं आणि गाडी हलायच्या आत परत यायचं. नियमाने ही सोय आहे. पण अंधार, धडधड आणि मे महिन्यातलं तापलेलं लोखंड यांच्यात घरात वाढलेल्या जनावराला रात्रभर ठेवणं हा प्रवास म्हणता येणार नाही. दुसरा काहीच इलाज नसेल तरच त्याचा विचार व्हावा.

विमानाचं गणित वजनावर चालतं. इंडिगो पाळीव प्राणी नेत नाही, सेवा देणारे प्रशिक्षित कुत्रे तेवढे अपवाद. अकासा एअरने नोव्हेंबर 2022 पासून लहान प्राण्यांना पिंजऱ्यासह केबिनमध्ये घ्यायला सुरुवात केली, एअर इंडियाही लहान प्राणी केबिनमध्ये घेते. पण पूर्ण वाढलेला लॅब्राडोर 25 ते 35 किलोंचा. तो केबिनमध्ये बसूच शकत नाही.

म्हणून जबलपूरकरांसाठी उरतो रस्ता, आणि तो बहुतेक वेळा नागपूरकडे जातो. याला जुनं कारण आहे. 1798 पासून 1817 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे 1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी होती नागपूर. इथल्या कितीतरी मराठी घरांचं आजोळ, सासर, लग्नकार्यं आजही विदर्भात असतात. सुट्टी म्हणजे तिलवारा घाटाच्या पुलावरून नर्मदा ओलांडायची आणि लखनादौन, सिवनी, खवासा करत महाराष्ट्रात शिरायचं. अंतर सुमारे 270 किलोमीटर, रस्ता चौपदरी. ज्या कुत्र्याला गाडीची सवय आहे, त्याला हा पल्ला झेपतो.

सवय मात्र लावावी लागते, आणि ती लावायला भेडाघाट चांगलं. विजय नगरपासून पाऊण तासाच्या आसपासची वाट. सुट्टीच्या महिनाभर आधीपासून आधी कॉलनीत एक फेरी, मग थोडं लांब, मग भेडाघाटपर्यंत, असं वाढवत नेलं की गाडी म्हणजे दरवेळी डॉक्टर आणि सुई, ही त्याच्या मनातली भीती जाते. तिथल्या धुआंधार धबधब्याच्या कठड्यापाशी गर्दीत मात्र त्याला नेऊ नये. संगमरवर ओला असला की माणसाचाही पाय सरकतो. नर्मदेच्या काठाला शांत जागा पुष्कळ आहेत. परियट नदीच्या काठावर सहलीला जाणाऱ्यांनी कुत्र्याला पाण्याकडे मोकळं सोडू नये, त्या नदीत मगरी आहेत.

लहान पिल्लांना गाडी लागते. तोंडातून लाळ गळणं, सारख्या जांभया, कण्हणं ही त्याची सुरुवात. निघण्याआधी तीन-चार तास पोटात काही जड नसावं. पाणी चालतं. उलटी थांबवणारी चांगली औषधं मिळतात, पण ती वजनानुसार पशुवैद्यानेच द्यायची. माणसाची गोळी अर्धी करून देण्याची पद्धत धोक्याची आहे. या बाबतीत जबलपूरकरांचं नशीब चांगलं: इथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1948 चं आहे आणि 2009 पासून नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे. निघण्यापूर्वी एकदा तपासणी, रेबीज आणि इतर लसींच्या तारखा, प्रवासयोग्य असल्याचं प्रमाणपत्र, एवढं उरकायला एखादी सकाळ पुरते.

गाडीत त्याची जागा मागच्या सीटवर, छातीपट्टा सीटबेल्टला अडकवून. चालवणाऱ्याच्या मांडीवर नाही आणि खिडकीतून डोकं बाहेर काढूनही नाही. दर दोन-अडीच तासांनी थांबायचं. प्राण्यांच्या वाहतुकीचे केंद्र सरकारचे नियम 1978 चे आहेत. लांबच्या प्रवासात कुत्र्याला उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी मिळालंच पाहिजे, मोठ्या कुत्र्याला बारा तासांतून एकदा आणि पिल्लांना दर चार तासांनी खाणं मिळालं पाहिजे, असं त्यांत लिहिलेलं आहे. ही कमीत कमी अपेक्षा झाली. घरच्या कुत्र्याला त्याहून जास्त मिळायला हवं.

थांबताना ढाब्यावर दार उघडण्याआधी पट्टा हातात हवा. प्रत्येक ढाब्याचे आपले चार-पाच कुत्रे असतात, ती त्यांची हद्द असते आणि पाहुणा त्यांना खपत नाही. भांडण झालं तर घाबरलेला पाळीव कुत्रा हायवेवर पळतो. गळ्यातल्या बिल्ल्यावर मालकाचा फोन नंबर कोरलेला असावा, तो अशा वेळेसाठी. दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. अनोळखी गावात पहिला सुतळी बॉम्ब फुटला की कुत्रा मिळेल त्या फटीतून निघून जातो, आणि परतीची वाट त्याला माहीत नसते.

सगळ्यात मोठा शत्रू ऊन. जबलपूर असो की नागपूर, मे महिन्यात पारा 42-44 अंशांपर्यंत सहज जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरून वाफ घालवून अंग थंड ठेवतो. त्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंशांच्या घरात असतं. ते 41 च्या पुढे गेलं की मेंदू, मूत्रपिंड, आतडी यांना इजा व्हायला लागते. ज्यांचं नाकच बसकं आहे त्यांची धापही अपुरी पडते. 2003 मधल्या हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर घरोघरी आलेला पग, शित्झू, फ्रेंच बुलडॉग ही सगळी त्यातली मंडळी. सायबेरियाच्या थंडीसाठी घडलेला दुहेरी केसांचा हस्की मध्य भारतात उन्हाळा काढतो तोच मोठ्या कष्टाने. अशा कुत्र्यांची सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच व्हावी, या मतावर ठाम राहायला हवं. मुलं रुसली तरी.

उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीबद्दल अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी मोजमापं घेतली होती, 2005 मध्ये ती प्रसिद्ध झाली. तासाभरात आतलं तापमान सरासरी 22 अंश सेल्सियसने वाढलं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली. काचा थोड्या खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. ‘पाचच मिनिटांत जेवून येतो’ म्हणून सिवनीच्या हॉटेलबाहेर कुत्र्याला गाडीत ठेवणाऱ्या घराने हे आकडे लक्षात ठेवावेत. जेवायला पाळीपाळीने जावं. पहाटे पाचला निघालं तर ऊन चढायच्या आत नागपूर गाठता येतं, तो सगळ्यात सोपा उपाय. आणि धाप थांबेना, हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटायला लागले, तर आधी सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि मगच दवाखान्याकडे धावायचं.

आता जंगलाचं. जबलपूरहून कान्हा सुमारे 160 किलोमीटर, आणि पेंच तर नागपूरच्या वाटेवरच. जाता जाता दोन दिवस तिथे राहू, हा बेत कुणालाही सुचेल. कुत्रा बरोबर असेल तर तो सोडून द्यावा. व्याघ्र प्रकल्पाच्या गेटच्या आत पाळीव प्राणी नेता येत नाहीत. म्हणजे घरचे पहाटे जिप्सीत बसणार आणि हा परक्या खोलीत चार-पाच तास दारामागे रडणार. याहून गंभीर कारण रोगाचं आहे. कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणू मांजरकुळातल्या मोठ्या प्राण्यांनाही मारतो. 1994 मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश सिंह त्याने गेले, आणि त्याचा माग आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांपर्यंत लागला. 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, त्यांतल्या काहींत हाच विषाणू सापडला. लस पूर्ण झालेला कुत्रा हा रोग पसरवण्याची शक्यता फार कमी. पण लसींचा क्रम अर्धवट राहिलेलं पिल्लू जंगलाच्या कडेला नेणं हा वाघांवरही अन्याय आहे आणि रानकुत्र्यांवरही.

धोका उलट्या दिशेनेही आहे. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सगळ्यात मोठा वाटा, सुमारे 39 टक्के, कुत्र्यांचा निघाला. कुरई घाटात रस्त्याखालून वन्यप्राण्यांसाठी वाटा केलेल्या आहेत, पुढे महाराष्ट्राच्या हद्दीत पेंचमधून जाणाऱ्या महामार्गावरही आहेत, आणि त्या वाटांनी वाघ-बिबटे ये-जा करतात. त्या पट्ट्यात ‘जरा पाय मोकळे करू दे त्याला’ म्हणून गाडी थांबवू नये. सिवनी सोडताना एकदा फिरवून आणावं, पुढे जंगल संपेपर्यंत दार उघडू नये.

कुत्र्याला घेऊन गावोगाव हिंडणं महाराष्ट्राला मुळीच नवीन नाही. धनगरांचा वाडा दिवाळीनंतर देशावरून कोकणाकडे उतरतो तेव्हा मेंढ्या, घोडी, कोंबड्या आणि कुत्री असा सगळा संसार चालत निघतो. रात्री लांडग्या-बिबट्यापासून कळप राखायचं काम कुत्र्याचं. मुक्काम बदलतो, पण माणसं, मेंढ्या आणि वास तेच असतात, म्हणून तो कुत्रा बावरत नाही. शहरातल्या कुत्र्याचं घर म्हणजे चार भिंती, त्याची चादर, त्याची ताटली. नागपूरला पोचल्यावर हीच चादर न धुता त्याच्यासाठी कोपऱ्यात अंथरली आणि जेवणाची वेळ तीच ठेवली, तर तो पहिल्या रात्रीच शांत झोपतो.

हा कोपरा मिळणार का, हे मात्र निघण्याआधी विचारलेलं बरं, आणि तेही स्पष्ट. काकू ‘आणा हो त्याला, त्यात काय’ म्हणतात, पण त्यांच्या सासूबाईंना कुत्र्याची धास्ती असते, कुणाला दम्याचा त्रास असतो, स्वयंपाकघराचे आणि देवघराचे नियम असतात. पाहुण्यांकडे सगळेच त्याचे लाड करतात, हीही एक काळजी. कांदेपोह्यातला कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शिऱ्यातले बेदाणे आणि द्राक्षं त्याचं मूत्रपिंड बिघडवू शकतात. चॉकलेट तर विषच. जबलपूरहून नेलेल्या खोव्याच्या जिलेबीचा तुकडा प्रेमाने पुढे करणाऱ्या लहान भाच्याला पहिल्याच दिवशी हे समजावून सांगावं. हॉटेलात राहायचं असेल तर ‘पेट फ्रेंडली’ या दोन शब्दांवर विसंबू नये. कुत्रा खोलीत राहणार की बाहेर, वजनाची अट आहे का, वेगळे पैसे किती, हे लेखी मागून घ्यावं.

काही कुत्र्यांना न नेणंच योग्य असतं. म्हातारा, हृदयविकाराचा, नुकतं ऑपरेशन झालेला, गाडीत बसला की थरथरणारा, किंवा पिल्लं होऊ घातलेली कुत्री. 1978 चे नियमही गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यातल्या कुत्रीच्या वाहतुकीला मनाई करतात. अशा वेळी शेजारच्या ओळखीच्या माणसाने घरी येऊन राहणं सगळ्यात चांगलं, कारण कुत्र्याची जागा बदलत नाही. बोर्डिंगमध्ये ठेवायचं तर आधी एक रात्र ठेवून बघावं आणि तिथे लसीचे कागद मागतात का ते पाहावं. जिथे मागत नाहीत, तिथे शेजारच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याचेही कुणी मागितलेले नसतात.

परत विजय नगरला आल्यावर एक काम उरतं. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी गोचिडी शोधायच्या, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढायच्या. तपकिरी गोचिडीतून होणारा ताप साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसू लागतो. कुत्रा जेवण सोडतो, सुस्त पडतो, हिरड्या फिकट होतात, कधी नाकातून रक्त येतं. तेवढे दिवस त्याच्या ताटलीकडे लक्ष ठेवायचं, आणि यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना सहलीच्या तारखा आणि ठिकाणं सांगून रक्ततपासणी करून घ्यायची.