सर्वांत मोठा घुमट काहिलीवर

कझाकस्तानच्या दक्षिण भागात तुर्किस्तान नावाचं शहर आहे. भोवती सपाट, कोरडा गवताळ मुलूख. त्या सपाटीवर खोजा अहमद यसवी या बाराव्या शतकातल्या सूफी संताचा दर्गा उभा आहे. रुंदी ४५.८ मीटर, लांबी ६२.७ मीटर, उंची ३८.७ मीटर.

नुसते मीटर वाचून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, म्हणून हे आकडे आपल्या मापात घालून पाहू. इमारतीने अडवलेली जागा अठ्ठावीस गुंठ्यांहून थोडी जास्त भरते. माथा आजच्या बारा-तेरा मजली इमारतीच्या गच्चीला भिडेल. भिंती जवळपास दोन मीटर जाड आहेत आणि सगळं बांधकाम भाजक्या विटांचं आहे. विटांच्या बांधकामाचा एक घनमीटर साधारण १.८ टन भरतो. त्या हिशेबाने दोन मीटर जाडीची भिंत दहा मीटर उंच चढवली, तर तिच्या दर मीटर लांबीमागे ३६ टन वजन जमिनीवर येतं. हे फक्त पहिल्या दहा मीटरांचं. त्यावर कमानी आहेत आणि कमानींवर घुमट. एवढा भार पेलायला मूळ पाया होता मातीच्या थराचा, खोली जेमतेम दीड मीटर. या आकड्यापाशी मी सर्वांत जास्त थबकतो. सहाशे वर्षं ही इमारत त्या मातीवर उभी होती. आपल्या काळातल्या दुरुस्तीत तिच्याखाली सळई-काँक्रीटचा पाया घातला गेला.

पण या वास्तूची खरी गंमत तिच्या भव्यतेत नाही, भव्यता कुठे खर्च केली आहे त्यात आहे. आग्नेयेच्या दारातून आत गेलं की १८.२ मीटर लांब आणि तितक्याच रुंद अशा चौरस दालनात आपण उभे राहतो. जमीन साडेतीन हजार चौरस फुटांची आणि मध्ये एकही खांब नाही. वर १८.२ मीटर व्यासाचा घुमट. मध्य आशियात विटांचा याहून मोठा जुना घुमट नाही. साहजिकच वाटतं, एवढ्या घुमटाखाली कबर असणार. कबर तिथे नाही. ती याच मध्यरेषेवर, पण मागे, वायव्य टोकाच्या खोलीत आहे. त्या खोलीवर एकावर एक असे दोन घुमट आहेत. आतला १७ मीटरवर संपतो, बाहेरचा २८ मीटरवर. म्हणजे संताच्या डोक्यावरचा घुमट पुढच्या दालनाच्या घुमटापेक्षा दहा मीटरहून जास्त बुटका.

मग तो सर्वांत मोठा घुमट कोणासाठी? तो आहे एका काहिलीसाठी.

तिला ताय-काझान म्हणतात. १३९९ साली ओतलेली, तोंड दोन मीटरहून रुंद, वजन सुमारे दोन टन. सात धातूंच्या मिश्रणातून ती ओतली असं परंपरा सांगते. ओतणाऱ्या कारागिराचं नावही तिच्यावरच कोरलेलं आहे: अब्दुल अझीझ, तब्रीझचा. आत मावतं ३,००० लिटर पाणी. भरली की पाणी आणि धातू मिळून पाच टन. पंधरा लिटरच्या घागरीने भरायची म्हटलं तर दोनशे खेपा. नेहमीच्या पेल्याने वाटायला घेतलं तर पंधरा हजार माणसांचे ओठ ओले होतील. शुक्रवारच्या नमाजनंतर तिच्यातलं गोड केलेलं पाणी लोकांना वाटत, असं सांगतात. काठावरच्या कोरीव लेखात यात्रेकरूंना पाणी पाजण्याच्या पुण्याचा उल्लेख आहे. कोरड्या गवताळ मुलखातून दिवसेंदिवस चालत आलेल्या माणसाला त्या पेल्याचं मोल वेगळं समजावून सांगावं लागलं नसेल.

विजापूरच्या गोल घुमटाशी तुलना मनात येतेच. मोजमापात विजापूर केव्हाच जिंकतं. तो घुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा, म्हणजे तुर्किस्तानच्या दुपटीहून मोठा. मात्र तो १६५६ साली पूर्ण झाला, अडीचशे वर्षांनंतर. आणि तो आहे मोहम्मद आदिलशहाच्या कबरीवर. राजाने आपल्या मरणावर घुमट धरावा, हे समजण्यासारखं आहे. पाण्याच्या भांड्यावर असा घुमट धरलेला मला दुसरीकडे माहीत नाही.

काहिलीला हा मान मिळाला याचं कारण वास्तूच्या प्रकारात आहे. ही नुसती कबर नव्हती, खानकाह म्हणजे सूफींचा मठ होती. तीसहून अधिक दालनं आणि खोल्या एकाच छपराखाली होत्या. मशीद, ग्रंथालय, स्वयंपाकघर, जेवणाची जागा, सभेच्या जागा, उतरायच्या खोल्या. या दर्ग्याच्या तीन वाऱ्या म्हणजे एक हज, अशी तिकडच्या लोकांची श्रद्धा आहे. तेव्हा येणाऱ्यांची सोय लावणं हे काम दुय्यम नव्हतं.

आता बांधणाऱ्याबद्दल. हा दर्गा तैमूरने बांधवला. डिसेंबर १३९८ मध्ये त्याने दिल्ली लुटली. लढाईआधी एक लाख कैद्यांची कत्तल झाल्याचं तैमुरी इतिहासकारांनीच लिहून ठेवलं आहे. दरबारी आकडे फुगलेले असतात हे धरलं तरी मन विषण्ण होतं. काहिलीवरचं साल १३९९, म्हणजे दिल्लीच्या पुढचंच. तीन हजार लिटर पाणी आणि एक लाख माणसं हे दोन्ही आकडे एकाच माणसाच्या खात्यावर आहेत, आणि एकाने दुसरा फिटत नाही. काहिलीचं कौतुक करताना मी ते विसरू इच्छित नाही.

ज्याच्यासाठी हे उभारलं, त्याचं माप अगदी उलटं होतं. परंपरा सांगते की पैगंबरांचं आयुष्य ६३ वर्षांचं, म्हणून यसवींनी त्रेसष्टाव्या वर्षी वरचं जग सोडलं आणि जमिनीखालच्या एका लहान कोठडीत उरलेलं आयुष्य काढलं. ११६६ हे त्यांच्या निधनाचं साल मानतात. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी त्यांच्या जुन्या, साध्या कबरीच्या जागी हे अठ्ठावीस गुंठे आले.

काहिलीलाही प्रवास घडला. १९३५ साली इराणी कलेच्या प्रदर्शनासाठी ती लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयात गेली आणि तिथेच राहिली. परत आली १९८९ मध्ये, चोपन्न वर्षांनी. २००३ साली हा दर्गा कझाकस्तानमधलं पहिलं जागतिक वारसा स्थळ ठरला.

दर्शनी बाजू मात्र आजही अर्धवटच आहे. फेब्रुवारी १४०५ मध्ये, चीनच्या स्वारीवर निघालेला तैमूर जवळच्याच ओत्रार इथे मरण पावला आणि काम थांबलं. मोठ्या दरवाजाची कमान सोळाव्या शतकाच्या अखेरीस बुखाऱ्याच्या अब्दुल्ला खानाने पुरी करून घेतली, पण निळ्या-हिरव्या फरशा त्या बाजूला कधीच चढल्या नाहीत. बाकीच्या तीन बाजू रंगांनी भरलेल्या आहेत. पुढची नुसती वीट. परांची बांधण्यासाठी भिंतीत रोवलेले लाकडी वासे अजून बाहेर डोकावतात. मला ही बाजू सर्वांत जास्त बोलकी वाटते. फरशांखाली माप लपतं. इथे प्रत्येक थर मोजता येतो, आणि गवंडी कोणत्या उंचीवर उभा राहून काम करत होता, तेही त्या वाशांवरून सांगता येतं.