सुरकुती आणि तिची सावली : गौतम राजाध्यक्ष यांची व्यक्तिचित्रे

घरात कोणी गेले की तासा-दोन तासांत फोटोची शोधाशोध सुरू होते. आमच्या पनवेलसारख्या गावात श्रद्धांजलीचा फलक संध्याकाळपर्यंत चौकात लागतो, त्यामुळे ही शोधाशोध फार घाईची असते. कपाटातले अल्बम निघतात, सगळ्यांचे मोबाईल चाळले जातात आणि शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून चेहरा कापून मोठा केला जातो. शेजारच्याचा खांदा त्यात राहतोच. सत्तर-ऐंशी वर्षे जगलेल्या माणसाचे, केवळ त्याच्यासाठी म्हणून काढलेले एकही छायाचित्र घरात सापडत नाही.

गौतम राजाध्यक्ष यांच्या कामाकडे या अनुभवाच्या बाजूने पाहावे, असे मला वाटते. ‘तारे-तारकांचे छायाचित्रकार’ ही त्यांची ओळख खोटी नाही. पण ती त्यांच्या कामातल्या झगमगाटापाशीच थांबते. चेहऱ्याला वेळ देणे म्हणजे काय, हे त्यांनी दाखवले. ते आपल्या घरापर्यंत यायला हवे होते.

मुंबईत व्यक्तिचित्रणाची परंपरा जुनी आहे. १८५४ साली ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या पिढीतले छायाचित्रकार. त्या काळी काचेवर प्रतिमा उमटायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. जुन्या तसबिरींतले आपले पूर्वज इतके ताठ आणि गंभीर दिसतात, त्यामागे स्वभावापेक्षा या आधाराचा वाटा मोठा असावा. पुढे फिल्म वेगवान झाली, विजेचे दिवे आले. दादरच्या ‘इंडिया फोटो स्टुडिओ’त जे. एच. ठक्कर यांनी स्वातंत्र्योत्तर काळातल्या चित्रपट कलावंतांची कृष्णधवल व्यक्तिचित्रे काढली. त्यांत प्रकाश प्रखर आणि सावल्या गडद असत. चेहरा एखाद्या नाट्यप्रवेशातल्यासारखा उजळून निघे.

राजाध्यक्षांची वाट वेगळी होती. १६ सप्टेंबर १९५० रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिक्षण झाल्यावर ते ‘लिंटास’ या जाहिरात संस्थेत गेले आणि तिथला छायाचित्रण विभाग त्यांनी अनेक वर्षे सांभाळला. १९८० च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम, जॅकी श्रॉफ यांची छायाचित्रे त्यांनी काढली आणि या क्षेत्रात त्यांचे नाव झाले. १९८७ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ छायाचित्रणाकडे वळले. म्हणजे वयाच्या सदतिसाव्या वर्षी, हातचे स्थैर्य सोडून.

त्यांच्या चित्रांतला प्रकाश मऊ असतो. ‘मऊ’ हा शब्द इथे अलंकारिक नाही, त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. प्रकाशाचा स्रोत चेहऱ्याच्या मानाने लहान असेल, तर सावलीची कड धारदार पडते. दुपारच्या उन्हात किंवा फ्लॅशच्या झोतात हेच होते. स्रोत मोठा आणि जवळ असेल, म्हणजे दिव्यापुढे पांढरे कापड ताणले किंवा उत्तरेच्या खिडकीशी माणूस बसवला, तर प्रकाश अनेक कोनांतून येतो आणि सावलीची कड विरघळते. आता सुरकुतीचा विचार करा. सुरकुती म्हणजे कातडीवरची बारीक घडी. ती आपल्याला दिसते ती मुख्यतः तिच्यात पडलेल्या सावलीमुळे. मऊ प्रकाशात ती घडी जिथल्या तिथेच राहते, फक्त तिची सावली हलकी होते.

आजच्या मोबाईलमधली सौंदर्यवर्धक सोय मात्र सुरकुतीच पुसून टाकते. वरवर परिणाम सारखा वाटला, तरी या दोन कृतींत मूलभूत फरक आहे. एकीत वय मान्य करून त्याला आदराने उजेडात बसवले जाते. दुसरीत वय नाकारले जाते. राजाध्यक्षांवर ‘ते सगळ्यांना सुंदरच करतात’ असा आक्षेप घेता येतो, आणि त्यात तथ्यही आहे. त्यांच्या चौकटीत थकवा, संताप, विस्कटलेपण क्वचितच येते. ही चित्रे म्हणजे समाजाचा दस्तऐवज नव्हे. समोरच्या माणसाला स्वतःचे जे रूप जगाने पाहावे असे वाटते, त्याची ती बाजू घेतात. पण बाजू घेणे आणि खोटे बोलणे या एकच गोष्टी नाहीत.

हा आदर केवळ दिव्यांतून येत नाही. कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस, मग तो कितीही सरावलेला नट असो, आधी एक मुखवटा चढवतो. तो उतरायला वेळ लागतो. राजाध्यक्ष गप्पा मारत, ऐकत, आणि माणूस सैलावला की चित्र टिपत. फिल्मच्या काळात याला आणखी एक अर्थ होता. एका रोलवर १२ किंवा फार तर ३६ चित्रे मिळत, आणि निकाल रसायनातून बाहेर आल्यावरच कळे. त्यामुळे बटण दाबण्याआधी पाहणे भाग होते.

त्या गप्पा वाया गेल्या नाहीत, कारण राजाध्यक्ष लेखकही होते. ‘चंदेरी’ या मराठी चित्रपट-पाक्षिकाचे संपादन त्यांनी केले. काजोलच्या पदार्पणाचा ‘बेखुदी’ (१९९२) आणि त्यानंतरचा ‘अंजाम’ (१९९४) या हिंदी चित्रपटांच्या लेखनात त्यांचा सहभाग होता. १९९७ मध्ये आलेल्या ‘फेसेस’ या पुस्तकात दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या राय यांच्यापर्यंतचे कलावंत छायाचित्र आणि लेख या दोन्ही रूपांत भेटतात. मराठीत ‘चेहरे’ आले. मराठीत ‘व्यक्तिचित्र’ हा एकच शब्द रंगरेषांच्या चित्रालाही लागतो आणि शब्दांनी रेखाटलेल्या माणसालाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’वर वाढलेल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. राजाध्यक्ष या शब्दाच्या दोन्ही अर्थांत काम करत होते. त्यांना चेहऱ्याइतकीच त्यामागची गोष्ट हवी असे. म्हणूनच लता मंगेशकर यांच्यासारख्या, प्रसिद्धीबाबत जपून असणाऱ्या व्यक्तीनेही त्यांच्या कॅमेऱ्यावर विश्वास टाकला.

१३ सप्टेंबर २०११ रोजी, एकसष्टाव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तोवर फिल्मचा काळ सरत आला होता आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा येऊ लागला होता. आज आपण एका सणाला जितके फोटो काढतो, तितके आपल्या आजोबांनी जन्मात काढून घेतले नसतील. तरीही घरात माणूस गेला की कापलेल्या खांद्याचाच फोटो हाती येतो. कारण या हजारोंमध्ये कोणी कोणाकडे अर्धा तास पाहिलेले नसते.

त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांना थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशी, उजेड एका बाजूने पडेल असे बसवा. मागे पसारा नको, एखादी मोकळी भिंत किंवा गडद पडदा चालेल. मोबाईल अगदी चेहऱ्याजवळ नेऊ नका, नाक मोठे दिसते. चार-पाच फुटांवर बसा आणि थोडे झूम करा. फ्लॅश बंद ठेवा, चेहरा गुळगुळीत करणारी सोयही बंद ठेवा. मग फोन मांडीवर ठेवून त्यांना त्यांच्या पहिल्या नोकरीबद्दल विचारा, माहेरच्या घराबद्दल विचारा, आणि ऐका. चित्र केव्हा काढायचे, ते त्यांचा चेहराच सांगेल. ते कागदावर छापून घ्या आणि मागे नाव व तारीख लिहा.

मग एखाद्या दिवशी घाईने फोटो शोधायची वेळ आली, तर निदान तो कुठे ठेवला आहे हे घरातल्यांना ठाऊक असेल. आणि त्याआधी तो भिंतीवर लागला, तर स्वतःचा चेहरा कोणीतरी नीट पाहिला होता हे त्या माणसालाही कळेल.