लोकलच्या मोटारीची टेबलावरची परीक्षा

कसाऱ्याकडे जाणारी लोकल खर्डीच्या फलाटावरून सुटते, तेव्हा डब्याखालून एक सूर हळूहळू चढत जातो. रोजच्या प्रवाशांना तो सवयीचा झाला आहे. हा सूर मोटारीला वीज पुरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांमुळे उमटतो. हे स्विच सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात.

मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, ती १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर. जुन्या गाड्यांचा वेग आवरण्यासाठी रोधक वापरत. त्यात बरीच वीज उष्णता होऊन वाया जाई. आता वरच्या तारेत २५ हजार व्होल्टची एसी वीज असते आणि नव्या गाड्यांना थ्री-फेज मोटारी असतात. मोटारीला हवा तो वेग आणि जोर देण्यासाठी ‘इन्व्हर्टर’ विजेची वारंवारता आणि व्होल्टेज सतत बदलतो.

साध्या इन्व्हर्टरमध्ये सहा स्विच असतात, दोन-दोनच्या तीन जोड्यांत. एका जोडीतले दोन्ही एकाच वेळी चालू झाले, तर थेट शॉर्टसर्किट होते आणि काही मायक्रोसेकंदांत महागडा स्विच जळू शकतो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. म्हणून एक स्विच बंद झाल्यावर दुसरा सुरू होईपर्यंत काही मायक्रोसेकंदांची विश्रांती पाळावीच लागते.

ही वेळ अचूक सांभाळण्यासाठी ‘फील्ड प्रोग्रॅमेबल गेट अ‍ॅरे’, म्हणजे एफपीजीए ही चिप उपयोगी पडते. नेहमीचा प्रोसेसर सूचना मुख्यतः एकामागून एक पाळतो. एफपीजीएमध्ये तर्काचे अनेक छोटे ठोकळे असतात आणि त्यांची आपसातली जोडणी अभियंता ठरवतो. त्यामुळे सहाही स्विचांवर एकाच वेळी नजर ठेवता येते. अशी पहिली व्यावसायिक चिप झायलिंक्स कंपनीने १९८५ मध्ये आणली. तिच्यात फक्त ६४ ठोकळे होते.

खरा फायदा दिसतो तो नमुना तयार करताना. खास चिप कारखान्यातून बनवून घ्यायला बरेच महिने आणि मोठा खर्च लागतो. त्यात चूक राहिली, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. एफपीजीएमध्ये जोडणी बदलून त्याच दिवशी पुन्हा चाचणी घेता येते.

चाचणीला सुरुवातीला खरी मोटारही लागत नाही. दुसरी एफपीजीए चिप मोटारीचे सोंग घेते आणि दर मायक्रोसेकंदाला तिचा प्रवाह मोजून कळवते. समोर खरी मोटार नाही, हे नियंत्रकाला कळतही नाही. मग त्याच्यासमोर संकटे उभी केली जातात: तारेतली वीज अचानक गेली, एक फेज तुटला, पावसात ओल्या रुळावर चाक घसरले. चूक सापडली तर नुकसान शून्य.

मात्र सोंग ते सोंगच. उष्णता, कंप आणि दमट हवा यांचा परिणाम गणितात पुरता उतरत नाही. त्यामुळे शेवटची परीक्षा खऱ्या मोटारीवर आणि खऱ्या रुळावरच घ्यावी लागते. पण तोवर साध्या चुका टेबलावरच निघून गेलेल्या असतात.

परतीच्या प्रवासात कसाऱ्याहून उतरताना हेच स्विच उलटे काम करतात. ब्रेक लागतो तेव्हा मोटार जनित्र बनते आणि वीज तारेत परत जाते. तेव्हाही डब्याखाली तोच सूर ऐकू येतो, फक्त उतरत जाणारा.